पडद्याच्या मागच्या बाजूने

आमच्या वाडीत सिनेमा मे महिन्यात यायचा. चाकरमानी मुंबईहून उतरले, मुंबई मंडळाचा सत्यनारायण झाला, की त्याच रात्री खळ्यात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये पांढरा पडदा ताणला जाई आणि भाड्याने आणलेले १६ मिलिमीटरचे यंत्र घरघरू लागे. यंत्राच्या बाजूला, म्हणजे पडद्याच्या पुढे, पुरुष आणि मुलगे बसत; बायका आणि मुली पडद्याच्या मागे, गोठ्याकडच्या अंगाला. जागा अपुरी आहे आणि बायकांना मोकळेपणाने बसता आले पाहिजे, अशी त्याची कारणे सांगितली जात. ती कारणे खोटी नव्हती; मात्र पुरुषांनी मागे बसले तरीही ती दोन्ही भागली असती, हे कुणाला सुचले नव्हते. त्यामुळे माझ्या लहानपणीचे सगळे चित्रपट मी उलटे पाहिले आहेत. अक्षरे उलटी, नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर, नायक डाव्या हाताने जेवणारा आणि डाव्याच हाताने बायकोच्या थोबाडीत देणारा. पुढे रत्नागिरीला पहिल्यांदा चित्रपटगृहात गेले, तेव्हा नायकाचा उजवा हात उठलेला पाहून मला क्षणभर काहीतरी चुकल्यासारखे वाटले होते.

त्यातल्या एका चित्रपटाचे नाव आता आठवत नाही. नायिका रागाने घर सोडून जाते, नायक तिला शोधत नदीपर्यंत येतो, दोघेही रडतात आणि परत फिरतात, एवढेच आठवते. पडद्याच्या पुढच्या बाजूला कुणीतरी शिट्टी वाजवली. मागच्या बाजूला माझ्या शेजारी बसलेल्या आईने मांडीवरचे पोर सावरत शेजारणीला विचारले, "आणि मग त्या दिवशी घरी रांधलंन कोणी?" बायका हसल्या. मीही हसले, कारण सगळ्या हसत होत्या. चित्रपटांविषयी पुढे जे थोडेफार वाचले, ते वाचताना हा प्रश्न मात्र मला सतत आठवत राहिला आणि आजही कोणताही चित्रपट मी त्याच प्रश्नापासून वाचायला सुरुवात करते.

ज्याला इंग्रजीत रॅडिकल फेमिनिझम म्हणतात त्याला मराठीत काही लोक जहाल स्त्रीवाद म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जहाल म्हटले की टिळक आठवतात, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याला, टिळकांनी कडाडून विरोध केला होता. मूलगामी हा शब्द अधिक बरा, कारण मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटातही मूळच आहे. अमेरिकी लेखिका केट मिलेट यांनी १९७० मध्ये सांगितले की स्त्री आणि पुरुष यांच्यातले नाते हेच एक राजकारण आहे, सत्तेचे नाते आहे, आणि ते घरात, अंथरुणात आणि साहित्यात सारख्याच रीतीने चालते. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये चित्रपटाकडे वळून दाखवले की कॅमेरा ज्या जागी उभा असतो ती जागा बहुतेक वेळा पुरुषाची असते. पुरुष पाहतो, बाई पाहिली जाते. पण ही सर्व मूळ तपासणी परदेशातूनच आली असे मानण्याचे कारण नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारले होते की जे दोष बायकांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय. त्यांच्यासमोर सिनेमा नव्हता, पण नाटके आणि कथा-पुराणे होती, आणि त्यांच्याही शेवटांवर ताराबाईंचा विश्वास नव्हता.

मला स्वतःला हा विचार समजला तो खोतीमुळे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला माणूस. सारा त्याने गोळा करायचा, पिकाचा मोठा वाटा त्याने ठेवायचा, आणि कुळांनी शिवाय त्याच्या घरी फुकट राबायचे. पुष्कळ ठिकाणी खोत स्वतः मुंबईत किंवा पुण्यात असे आणि कुळाला दारात दिसे तो त्याचा कारभारी. कुळाच्या शिव्या कारभाऱ्याला पडत. काही खोत स्वभावाने चांगले होते, ही गोष्ट आमच्या आजोबांची पिढी आवर्जून सांगत असे. पण अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसायचे नाकारले, तेव्हा त्यांची मागणी खोताने चांगले वागावे एवढी नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले ते खोती नष्ट करण्याचे, खोत सुधारण्याचे नव्हे. सुधारक स्त्रीवाद आणि मूलगामी स्त्रीवाद यांच्यातला फरक मला याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. आपले बहुतेक 'स्त्रीप्रधान' चित्रपट मात्र वाईट खोताला चांगला करण्याच्या किंवा कारभाऱ्याला शिव्या घालण्याच्या गोष्टी सांगतात.

कारभारी म्हणजे अर्थातच सासू. 'माहेरची साडी' १९९१ मध्ये आला, तेव्हा आमच्या वाडीतल्या बायका भाड्याच्या टेम्पोतून चिपळूणला जाऊन तो पाहून आल्या, आणि पदर ओले करून परतल्या. त्या रडण्याची टिंगल पुष्कळ झाली आहे. ती मी करणार नाही, कारण तीन तास उघडपणे रडायला मिळणे ही त्यांतल्या कित्येकींना वर्षात एकदाच परवडणारी चैन होती. पण त्या चित्रपटाने त्यांना रागावण्यासाठी कोण दिले, तर खाष्ट सासू. ज्या घरासाठी ती सासू राबवून घेते ते घर कुणाच्या नावावर आहे, तिच्या तोंडची भाषा तिला कुणी शिकवली आणि तिच्या म्हातारपणाची भाकरी कुणाच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे प्रश्न पडद्यावर येतच नाहीत. टेम्पोत बसलेल्या बायकांपैकी निम्म्याअधिक स्वतः सासवा होत्या. त्याही सुनेच्या बाजूने रडल्या आणि घरी येऊन पुन्हा सासवा झाल्या.

कोकणात हे अधिक ठळक दिसते, कारण येथे पुरुष घरात नसतानाही पितृसत्ता बिनबोभाट चालते. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. वर्षातून शिमगा, गणपती आणि मे महिना, एवढ्यापुरते ते गावी यायचे. बाकीचे सर्व महिने तरवा काढण्यापासून भात झोडण्यापर्यंतची, गुरांची, विहिरीची, आजारपणाची आणि सोसायटीच्या कर्जाची सगळी कामे आई आणि आजी करत. तरीही सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर आणि देवळातल्या मानावर नाव वडिलांचे, आणि 'त्यांना विचारून सांगते' हे वाक्य दिवसातून चार वेळा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी वडील कायमचे गावी आले. नांगराला एक माणूस मिळाला, हे खरे. पण घरात आल्यावर चुलीपाशी हात वाढला नाही, ताट मात्र एक वाढले. माझे वडील मुळीच वाईट नव्हते. आईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. त्यांच्यावर चित्रपट काढायचा तर त्यांना खलनायक करता येणार नाही, आणि नेमकी हीच मराठी चित्रपटाची अडचण आहे: खलनायक नसला की अत्याचार दाखवायचा कसा, हे त्याला कळत नाही.

खोतीच्या विधेयकाचे वर्ष १९३७, व्ही. शांतारामांचा 'कुंकू' याच वर्षीचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि त्याचे मोठेपण मान्य करूनच पुढचे लिहिते आहे. मामा फसवून नीरा या तरुण मुलीचे लग्न म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो. ती ते लग्न मानायला आणि त्या नवऱ्याला अंगाला हात लावू द्यायला नकार देते. लग्न झाले म्हणजे शरीरावर हक्क मिळाला, या समजुतीला इतका स्पष्ट नकार पडद्यावर त्या काळात दिला गेला, ही साधी गोष्ट नाही. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी पन्नास वर्षांपूर्वी कोर्टात जो नकार दिला होता तोच येथे माजघरात दिला जातो. पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे आहेत, आणि त्यात घड्याळाची टिकटिक आहे. त्या शांततेत नीरेचा नकार फार मोठा ऐकू येतो. म्हाताऱ्याच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी केले आहे. त्यांचे वडील रँग्लर परांजपे आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. शकुंतलाबाईंनी पडद्याबाहेरही र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार केला, म्हणजे बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, या प्रश्नावर त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यामुळे ती भूमिका मला सोंगासारखी वाटत नाही.

आता शेवट पाहा. म्हाताऱ्याला आपली चूक उमगते. तो पत्र लिहून ठेवतो, नीरेने दुसरे लग्न करावे असे त्यात सांगतो आणि आत्महत्या करतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते ते त्याच्यासाठी. चित्रपटभर जिने नकार दिला तिची सुटका तिच्या नकाराने झाली नाही. मालकाला पश्चात्ताप झाला, त्याने दस्तऐवज केला आणि तो निघून गेला, म्हणून झाली. खोत चांगला निघाला. खोती तशीच राहिली. पश्चात्ताप न होणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरातल्या नीरेने काय करावे, याचे उत्तर चित्रपटाकडे नाही, आणि १९३७ साली दापोलीत काय किंवा पुण्यात काय, पश्चात्ताप न होणारे म्हातारे अधिक होते.

नीरेचे काम करणाऱ्या शांता आपटे यांची गोष्ट मला या शेवटापेक्षा जास्त पटते. करारावरून वाद झाला तेव्हा १९३९ मध्ये त्या 'कुंकू' काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढे त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तकही लिहिले. नटी ही कामगार आहे आणि तिच्या कष्टांवर दुसऱ्या कुणाची तरी कमाई चालते, ही गोष्ट त्यांना कुणी परदेशी विदुषीने शिकवली नव्हती. पडद्यावरच्या नीरेला मालकाच्या पत्राची वाट पाहावी लागली. पडद्याबाहेरच्या शांताबाईंनी मालकाच्या दारात बसून घेतले.

मुळात आपल्या पडद्यावरची पहिली बाई पुरुषच होता. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झालेले अण्णा साळुंके हे उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ; १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. कुणी बाई काम करायला तयार होईना, हे त्याचे कारण, आणि दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे वेगळे सांगायला नको. आम्हांला याचे नवल वाटत नाही, कारण सिंधुदुर्गात दशावतारात आजही स्त्रीपार्टी पुरुषच असतो आणि तो पदर इतका नेटका सांभाळतो की बायका त्याच्याकडून शिकाव्यात. मला दशावतार अतिशय आवडतो. पण रामाने सीतेची परीक्षा घ्यावी आणि दोघांच्याही मुखवट्याआड एकच पुरुष असावा, या योगायोगात पुढच्या शंभर वर्षांच्या सिनेमाचा नमुना आहे असे मला वाटते. पडद्यावर बायका आल्या, तरी त्यांच्या तोंडची वाक्ये फार दिवस साळुंक्यांचीच राहिली.

'जैत रे जैत'विषयी लिहायचे मी बरीच वर्षे टाळले, कारण तो माझा लाडका चित्रपट आहे. १९७७ साली जब्बार पटेलांनी काढलेला, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकर आदिवासींचा. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसला की आजही त्यातली गाणी आपोआप ओठांवर येतात. त्यातली स्मिता पाटील यांनी उभी केलेली चिंधी ही मराठी पडद्यावरची सर्वांत मोकळी बाई आहे. न आवडणारा नवरा तिने स्वतः सोडला आहे, नाग्या तिने स्वतः निवडला आहे, आणि यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी ती कुणाची क्षमा मागत नाही. 'कुंकू'मधल्या पांढरपेशा घरात जे करायला एक मरण आणि एक पत्र लागले, ते ठाकरवाडीत चिंधी सहज करून मोकळी होते. पांढरपेशा समाजाने ज्यांना मागास म्हटले त्यांच्यात बाईला नवरा सोडण्याची वाट होती, हे त्या चित्रपटाने न बोलता दाखवले.

आणि मग नाग्याचे वैर सुरू होते. मधमाश्यांनी त्याचा डोळा घेतला आहे. डोंगरावरच्या राणी माशीला मारायचे, हा त्याचा पण. मी हा चित्रपट चार-पाच वेळा पाहिल्यानंतर एकदा अचानक माझ्या ध्यानात आले की पुरुषाच्या पराक्रमासाठी येथे शत्रू म्हणून जी उभी केली आहे ती राणी आहे, पोळ्याची आई आहे. तिला मारायला तो चढतो, आणि त्या लढाईत चिंधी मरते. पोळे पडते, जैत होते. नवरा सोडताना, नवा करताना जिला मरण आले नाही, ती त्याच्या सूडात मरते. दोन माद्या गेल्या आणि एका पुरुषाची जीत झाली, असे त्या शेवटाचे वर्णन मी एकदा आमच्या वाचनकट्ट्यावर केले, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ फार नाराज झाले आणि म्हणाले की बाई, कलाकृतीचा आस्वाद असा घेत नाहीत. असेलही. पण चिंधी मेली तेव्हा मला वाईट वाटले आणि ढोल वाजला तेव्हा अंगावर काटा आला. वाईट वाटणे किती पटकन काट्यात बुडून गेले हे मला तपासायचे होते, आणि ते तपासणे हाही आस्वादच आहे.

याच वर्षी, १९७७ मध्ये, श्याम बेनेगलांचा 'भूमिका' आला. पुन्हा स्मिता पाटीलच. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. आडनावातच तळकोकण आहे. चित्रपटातली उषा गोव्याच्या देवदासी परंपरेतल्या गायिकेची नात. तिच्या कमाईवर नवरा जगतो, तिचे करार तो करतो, तिच्यावर संशय तो घेतो, तिच्या पोटातले मूल ठेवायचे की नाही हेही तो ठरवतो. पुढे ज्या धनाढ्य जमीनदाराच्या वाड्यात ती सुखासाठी जाते तेथे तिला उंबऱ्याबाहेर पडायची मुभा नाही हे तिला उशिरा कळते. त्या वाड्यात अंथरुणाला खिळलेली पहिली बायको तिला सांगते की अंथरूण बदलते, स्वयंपाकघर बदलते, पुरुष बदलत नाही. मूलगामी स्त्रीवादाचा सारा ग्रंथ त्या आजारी बाईच्या तोंडी एका दमात आला आहे. ती अंथरुणावर पडलेली असल्यामुळे तिला खलनायिका करता आले नाही, हेही बहुधा त्याचे कारण असावे. हिंडतीफिरती असती तर लेखकाने तिला सवत केली असती.

पण येथे मला त्या परदेशी मांडणीशी थोडे भांडायचे आहे. सगळ्या बायका एकाच मुळाने बांधलेल्या आहेत असे म्हटले की जात दिसेनाशी होते. आमच्या तळकोकणातल्या देवळांत भाविणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायका, होत्या. एका जातीच्या बाईने आयुष्यभर एकाच नवऱ्याची राहावे आणि दुसऱ्या जातीच्या बाईने कुणाचीच बायको होऊ नये, हे दोन्ही नियम एकाच व्यवस्थेने केले. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासीविरोधी कायदा झाला, तरी भाविणीच्या मुलीच्या नावाला चिकटलेले बोल कायद्याने गेले नाहीत. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ब्राह्मणी पितृसत्ता ही संकल्पना मांडली ती याच गाठीसाठी: जात टिकवायची तर बाईचे शरीर राखावे लागते, आणि एकीचे राखायचे तर दुसरीचे उघडे ठेवावे लागते. नीरा, चिंधी आणि उषा या तिघींना एकाच रांगेत बसवता येत नाही. नीरेच्या वाट्याला सक्तीचे कुंकू आले. उषेच्या घराण्यात कित्येक पिढ्या कुंकवाचा हक्कच नव्हता.

'उंबरठा' (१९८२) याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी एकच गोष्ट नोंदवते. सुलभा महाजन महिलाश्रमाची नोकरी करायला निघते तेव्हा तिची लहान मुलगी घरी जाऊबाईच्या हाती राहते. शेवटी सुलभा नवऱ्याचे दुसरे नाते मान्य न करता गाडीत बसते, आणि आपण सर्वजणी मनातल्या मनात तिच्याबरोबर डब्यात चढतो. ती जाऊ घरीच आहे. आईच्या प्रश्नाचे उत्तर तीच आहे, आणि तिच्यावर चित्रपट कुणी काढला नाही.

तो काढला केरळात, २०२१ मध्ये, जिओ बेबी या दिग्दर्शकाने. 'द ग्रेट इंडियन किचन' मला माझ्या सुनेने मोबाइलवर लावून दिला आणि मी तो नारळ खोवता खोवता पाहू लागले. पंधरा मिनिटांनी खवणी बाजूला ठेवली. त्यात मारहाण नाही. सासरे अतिशय मृदू बोलतात. त्यांना फक्त भात कुकरमधला चालत नाही, चुलीवरचा हवा, आणि चटणी पाट्यावर वाटलेली. लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरेही असेच मृदू होते. मिक्सर घेतला त्या वर्षी ते आमटीचा पहिला घास घेऊन हसत म्हणाले होते, "वाटपाला पाट्याची चव नाही हो." एवढेच. त्यानंतर सहा वर्षे मिक्सर फळीवर राहिला आणि मी रोज पाट्यावर खोबरे वाटले. कुणी सक्ती केली, असे विचारले तर मला कुणाचेच नाव घेता येणार नाही. त्या चित्रपटाने तेच दाखवले: तुंबलेली मोरी, ताटाबाजूला टाकलेली शेंगांची चोथडी, ओटा पुसणे, पुन्हा ओटा पुसणे. कॅमेरा स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही, आणि पाहणाऱ्या पुरुषाला कंटाळा येईपर्यंत तेथेच राहतो. मल्वींनी ज्या नजरेविषयी लिहिले ती नजर मोडायची एक रीत म्हणजे तिला भांडी घासायला लावणे, असे मला तेव्हा वाटले. शेवटी बाई निघून जाते, आणि चित्रपट तेथे थांबत नाही. त्याच स्वयंपाकघरात दुसरी बायको आलेली आपल्याला दिसते. आईच्या प्रश्नाचे उत्तर इतक्या सरळपणे देणारा दुसरा शेवट मी पाहिलेला नाही.

आमच्या किनाऱ्यावर कॅमेरा पुष्कळदा येतो, पण त्याला येथल्या बायका क्वचित दिसतात. त्याला समुद्र हवा असतो आणि समुद्रात भिजलेली नायिका. कोकणात लावणी म्हणजे आषाढात गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर भात लावणे. पडद्यावर लावणी म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. एकाच शब्दात दोन प्रकारचे वाकणे आहे, आणि सिनेमाने त्यातले एकच चित्रित करायला घेतले. गुहागरच्या परिसरातला 'किल्ला' (२०१४) याला सन्माननीय अपवाद म्हणेन. बदली होऊन आलेली विधवा आई, कचेरीतला दबाव, परका गाव, हे सर्व त्यात फार हळुवारपणे येते. तरीही ते येते अकरा वर्षांच्या मुलाच्या नजरेने. त्याचे एकटेपण आपल्याला आतून कळते, तिचे खिडकीबाहेरून.

यंदा गणपतीत मी वाडीत 'कुंकू' दाखवायचा हट्ट धरला. चित्रपट जुना, काळापांढरा, म्हणून पोरांनी कुरकुर केली, पण लावला. आता बांबू रोवावे लागत नाहीत. घराच्या पांढऱ्या भिंतीवर छोटा प्रोजेक्टर मारला की झाले. भिंतीला मागची बाजू नसते, त्यामुळे सर्वजण एकाच बाजूला बसले. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मी बायकांना दोनतीनदा पुढे बोलावले, पण त्या मागे दारापाशीच बसल्या. पुढे बसले तर मधूनच उठून गॅस बघायला जाता येत नाही, असे एकीने सांगितले. आरतीनंतरचा प्रसाद, मग चहा, मग कुणाचे मूल उठले, असे करत करत अर्ध्या जणींचा शेवट पाहायचा राहिला. चहाचे कप गोळा करताना त्यांनी मला विचारले की शेवटी काय झाले. मी सांगू लागले, की म्हाताऱ्याला आपली चूक कळते, तो पत्र लिहितो, आणि तिला मोकळी करतो.

दारात पाय पसरून बसलेली, आता ऐंशीच्या पुढे गेलेली आई म्हणाली, "मेल्यावर सोडलीन, असं सांग."